तपासून पाठवलेली पुस्तके

नंदिगड्ड्यातली भाताची गिरणी बंद पडून बरीच वर्षे झाली होती. तिची खोली मात्र कौले शाबूत राखून उभी होती, आणि त्या खोलीवर गावातल्या दोन माणसांचा डोळा होता. पहिले बाबुराव, देवस्थान समितीचे अध्यक्ष. त्यांना तिथे जत्रेसाठी नवा लाऊडस्पीकरचा संच आणून ठेवायचा होता. दुसरे महाबळेश्वर. त्यांना तिथे वाचनालय हवे होते. समितीच्या शिलकीत या दोहोंपैकी एकच गोष्ट बसत होती.

महाबळेश्वर याच गावचे. तरुणपणी बेळगावला जाऊन त्यांनी यंत्रविद्येची पदविका घेतली, काळी नदीवरच्या वीजकेंद्रात टर्बाइनांची देखभाल करण्यात उमर घालवली आणि निवृत्त होऊन घरी परतले. गाव त्यांना फोरमनअण्णा म्हणे. कोणत्याही कामाचे आधी टप्पे पाडावेत, मग ते हाती घ्यावे, ही त्यांची जन्माची खोड. त्यांच्या अंगणातली नारळाची झाडेसुद्धा दोरी लावून उभी केल्यासारखी होती.

समितीच्या बैठकीत बाबुरावांनी विषय काढला तो हसत हसतच.

"पुस्तकं वाईट न्हाईत हो फोरमनअण्णा. पण दोन गोष्टी सांगा. ती ह्या रानात येणार कशी? आणि आली तर वाचणार कोण? स्पीकरचं तसं न्हाई. लावला की न ऐकणाऱ्यालाबी ऐकू येतंय."

देवळाचा मंडप हसण्याने भरून गेला. दुसऱ्या प्रश्नाला महाबळेश्वरांपाशी उत्तर नव्हते, हे त्यांचे त्यांना ठाऊक होते. म्हणून जे मोजता येते तेच त्यांनी धरले.

"पुस्तकं विकणाऱ्या मोठ्या दुकानदारांची मी रीतसर चाचणी घेतो," ते उभे राहून म्हणाले. "पुढल्या बैठकीत, कुणाकडून पुस्तकं घेतली तर ती वेळेवर आणि धड येतात, हे पुराव्यानिशी सांगतो. सांगता आलं नाही, तर खोली तुमची."

"सगळ्यांनी ऐकलं न्हवं?" बाबुरावांनी चौफेर पाहिले. "मागनं फिरायचं न्हाई."

बायकांच्या रांगेत बसलेल्या नेत्राने, म्हणजे महाबळेश्वरांच्या सुनेने, कपाळाला हात लावला.

चाचणीला उमेदवार तीन निघाले. दोन कंपन्या फोनवरून माल विकणाऱ्या, देशभर पसरलेल्या. त्यांची नावे नेत्राने घरापुरती बदलून टाकली: एक तपकिरी खोक्यातून माल पाठवी म्हणून ती खोकेवाली, दुसरी निळ्या पिशवीतून पाठवी म्हणून ती पिशवीवाली. तिसरे बेळगावातले तीन मजली पुस्तकांचे दुकान, जे फोनवर मागणी घेऊन बसच्या पार्सलाने पुस्तके धाडत असे. महाबळेश्वरांनी स्वतःच्या पदराला खार लावून तिघांकडून सारख्याच संख्येने पुस्तके मागवली. प्रत्येकाच्या वाट्याला काही कथा-कादंबऱ्या, काही शेतीची, काही मुलांची. अंगणवाडीच्या कामाला नेत्रा जोयड्याला जाई तेव्हा तिथल्या रेंजमध्ये उभी राहून ती मागण्या नोंदवी.

पत्ता मात्र तिघांना एकच दिला होता, आणि त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे कुणाला वाटलेही नाही. वाघांच्या राखीव जंगलातून आत शिरायला घरपोच माल देणारी मुले राजी नसत. म्हणून अणशीपासून नंदिगड्ड्यापर्यंत झाडून सगळे एकच पत्ता लिहीत: शांतक्काचे दुकान, बस स्टँड, रामनगर. फोन नंबरही तिचाच, कारण रेंज तिच्याकडे. वह्या, पेन्सिली, चिरमुरे आणि चहा विकणारी ही बाई साऱ्या रानाचे मालघर होती. मोडका माल आत गावापर्यंत पोहोचला तर परत कोण नेणार? म्हणून आलेली प्रत्येक वस्तू शांतक्काने उघडून तपासायची, मग सुतळीने बांधून प्रज्योत कंडक्टरच्या बसमध्ये चढवायची, असा पायंडाच पडला होता. मिक्सर असेल तर ती चालवून बघे. चपला असतील तर दुकानात चार पावले चालून बघे. एकदा तिने कुणाच्या तरी मुंजीचा सदरा नवऱ्याला चढवून पाहिला होता, आणि तो काढताना दोघांना घाम फुटला होता.

महाबळेश्वरांनी चाचणीचा एक नियम नेत्राला बजावून सांगितला होता. "कंपनी स्वतःविषयी काय म्हणते, तो पुरावा नव्हे. आमच्याकडे बेअरिंग यायचं त्याच्याबरोबर छान छापील दाखला असायचा. आम्ही दाखला बाजूला ठेवायचो आणि बेअरिंग तपासायचो. पुस्तक आपल्या हातात पडेल तो दिवस खरा."

"मामा, खोकेवाली म्हणतेय पुस्तक पोचलं," नेत्रा जोयड्याहून येऊन सांगे.

"कुठं आहे?"

"इथं तर न्हाई."

"मग खोटं बोलतेय." आणि खोकेवालीच्या नावाने ते मनात एक गुण कापून टाकीत.

पण चाचणी वळणावर येईना. मुलांचे चित्रांचे पुस्तक खोकेवालीने झटक्यात पोहोचवले, आणि तिच्याचकडून मागवलेली कादंबरी मात्र येता येईना. पिशवीवालीचेही तेच, एकदा घोड्यावर, एकदा गोगलगाईवर. बेळगावचे दुकान तर हाकेच्या अंतरावर, तरी त्यांचा आंब्याच्या लागवडीवरचा जाड ग्रंथ पायी निघाल्यासारखा आला. एकाच यंत्राने कधी झपाट्याने आणि कधी रेंगाळत चालावे, याला काहीतरी कारण असते, ही महाबळेश्वरांची खात्री. त्यांनी बस तपासली, सुट्ट्या तपासल्या, प्रज्योत कंडक्टरचीही उलटतपासणी केली.

"माझ्या हातात पडलं की त्याच फेरीला देतो, अण्णा," प्रज्योत दुखावून म्हणाला. "कोंबडीसुद्धा उशिरा पोचवली न्हाई मी अजून."

याहून चमत्कारिक गोष्ट निराळीच होती. पलीकडच्या वाडीतला धाकलू आणि त्याची बायको बाळी काजूच्या बागेत भेटली. बाळीने डोक्यावरची पाटी सावरीत सहज विचारले, "फोरमनअण्णा, त्या नाववालीनं पेटी उघडली काय वो?"

"कुठली नाववाली?"

"ती वो, पुरात व्हावत आलेली पेटी जिला घावली ती. तुमच्याच पुस्तकातली न्हवं?"

कादंबरी आदल्या दिवशी घरी आली होती. महाबळेश्वरांनी ती अजून उघडलीही नव्हती. घरी येऊन त्यांनी पाने चाळली. तर खरेच, नदीवर नाव चालवणारी एक बाई होती, आणि पुराच्या पाण्यात तरंगत आलेली एक कुलूपबंद पेटीही होती. पानांच्या बेचक्यात एक चिरमुराही होता. तो त्यांनी चिमटीत धरून उजेडाकडे नेला आणि न्याहाळला.

बैठक तोंडावर आली. शेवटची वस्तू अजून यायची होती: खोकेवालीकडून मागवलेला मोठा शब्दकोश. वाचनालयाला तो हवाच, म्हणून त्यांनी तो सर्वांआधी मागवला होता आणि तोच सर्वांत मागे राहिला होता. संध्याकाळी त्यांनी आलेली सगळी पुस्तके ओट्यावर मांडली. ज्याला यायला सर्वांत कमी वेळ लागला ते डावीकडे, मग त्याहून उशिराचे, मग त्याहून. कुठल्या कंपनीची गर्दी कुठल्या टोकाला होते ते नजरेने दिसावे, एवढाच हेतू. कसलीही गर्दी झाली नाही. तिघांची पुस्तके रांगेत सरमिसळ होऊन बसली.

"काही निष्पन्न होत नाही," ते खुर्चीत टेकत म्हणाले. वाचनालयाच्या खोलीत स्पीकरचे कर्णे रचलेले त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

नेत्रा तांदूळ निवडता निवडता उठून आली. तिने मान तिरकी केली.

"मामा, ही शिडी झालीय की."

"कसली शिडी?"

"बघा ना. हिकडनं तिकडं एकेक पायरी चढतेय. पातळ पुस्तक पैलं, जाड पुस्तक शेवटी."

महाबळेश्वर उठले. ओट्याच्या पातळीला डोळा नेऊन त्यांनी रांगेकडे पाहिले, जसे ते एके काळी टर्बाइनचा दांडा सरळ आहे की नाही ते पाहत. पायऱ्या होत्या. एकही चुकलेली नव्हती. उशीर कंपनीप्रमाणे लागत नव्हता, पानांप्रमाणे लागत होता. आणि पानांप्रमाणे वेळ लागतो असे काम जगात एकच आहे.

"नेत्रा," ते हळूच म्हणाले, "चिरमुरे कोण विकतं गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते रामनगरला उतरले. गोव्याकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग चौकात हॉर्न वाजवीत उभी होती. शांतक्काच्या दुकानापुढच्या बाकावर बस चुकलेल्या बायका पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन, खुद्द शांतक्का बसली होती. तिच्या मांडीवर शब्दकोश उघडा होता. बाजूला तपकिरी खोके; त्यात सांडलेले चिरमुरे.

"या या, फोरमनअण्णा," ती जराही न दचकता म्हणाली. "बसा. चहा टाकते. तुमचं हे पुस्तक काय संपंना बघा."

"शांतक्का, तुम्ही शब्दकोश वाचताय?"

"तपासतेय की. 'न' पातूर आलेय." तिने बोट पानावर ठेवूनच मान वर केली. "खरं सांगू? लई वाईट लिवलंय. इतकी पानं झाली, अजून गोष्ट सुरूच होईना. एक माणूस म्हणून येईना. पण अर्ध्यात सोडलं आणि फुडं काय बिघाड निघाला, तर तुम्हीच म्हणणार, शांतक्कानं बघितलं न्हाई."

बाकावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. महाबळेश्वर खास या प्रसंगासाठी बसमध्ये जमवलेला राग आता शोधू लागले, तो सापडेना.

"पण अक्का, पुस्तक तपासायचं म्हणजे बांधणी बघायची, पानं बघायची..."

"असं कसं वो?" शांतक्का आता गंभीर झाली. "मिक्सर मी चालवून बघते. बॅटरी लावून बघते. मागं शाळेच्या गुरुजींचं पुस्तक वरवर बघून धाडलं, तर मधली पानं दोनदा आणि फुडची गायब. गुरुजी मला म्हणाले, अक्का, बघून घ्यायचं होतं. तवापासनं मी आक्खं वाचल्याबिगर सोडत न्हाई. पुस्तक चालवून बघायचं म्हंजे वाचायचंच की. का दुसरी काय रीत हाय तुमच्या कॉलेजात?"

दाखला बाजूला ठेवून बेअरिंग फिरवून पाहणारा माणूस या बाईला काय उत्तर देणार? जी तपासणी ते आयुष्यभर करत आले, तीच ही करत होती, फक्त मन लावून. आणि ज्या तीन विक्रेत्यांची त्यांनी इतकी काटेकोर परीक्षा घेतली, त्या तिघांच्या नावावर शांतक्काचाच वेग लागला होता. खोकेवाली खरे बोलत होती. पिशवीवालीही.

चहाचा पेला हातात आला तेव्हा ते स्वतःशीच हसू लागले, आणि ते हसू थांबेना. पेला हिंदकळला.

"आणि ह्या?" त्यांनी बाकाकडे मान वळवली. "ह्यांना गोष्टी तुम्हीच सांगता?"

"एकटीनं वाचून पचतंय व्हय? बस येईस्तोवर सांगते. बस आली की ऱ्हातंय फुडच्या खेपेला. पेटीचं मला ठाऊक हाय, पण शेवट पुस्तकातनंच वाचून दाखवायचा, तोंडी न्हाई; ह्यांची बस आली आणि पुस्तक तिकडं गेलं."

"उघडते का वो ती?" एकजण घाईने म्हणाली.

"वाचलं नाही मी अजून," महाबळेश्वरांनी कबूल केले.

"घरात असून?" बाकावरून सगळ्यांनी मिळून त्यांच्याकडे असे पाहिले की त्यांनी चहाच्या पेल्यात नजर घातली.

त्यांनी मग तिथूनच, शांतक्काच्या फोनवरून, तिघा विक्रेत्यांना एकच प्रश्न विचारला. चाचणी फसली नव्हती. फक्त प्रश्न चुकला होता. नवा प्रश्न त्यांनी नीट मांडला: पुस्तकात दोष निघाल्यास परत घेण्याची मुदत किती, आणि पुस्तक वाचून बघितलेले चालेल काय? दोन्ही कंपन्यांचे उत्तर एका यंत्राने दिले, आणि त्यांची मुदत शांतक्काच्या कादंबरीवाचनालाही पुरण्यासारखी नव्हती. बेळगावच्या दुकानात मात्र मालकाने स्वतः फोन उचलला. सगळी हकिगत ऐकून तो इतका मोठ्याने हसला की फोन कानापासून दूर धरावा लागला.

"त्या बाईंना म्हणावं, सावकाश वाचा," तो म्हणाला. "दोष निघाला तर सांगा, केव्हाही बदलून देतो. आणि पुस्तक कसं वाटलं तेही कळवा. मला कोण सांगतंय हो?"

बैठकीला यावेळी मंडप भरला होता. महाबळेश्वर उभे राहिले आणि त्यांनी काहीही न लपवता सारे सांगितले: तीन विक्रेते, शिडी, चिरमुरा, शब्दकोश. माणसे हसून लोळायची तेवढी राहिली. शेवटी त्यांनी निष्कर्ष दिला.

"वेगात तिघे सारखे. माल तिघांचाही धड. तेव्हा निवड परतीच्या मुदतीवर करायची. आपल्याकडे पुस्तक तपासून येतं, आणि तपासायला वेळ लागतो. तेवढा वेळ देणारा विक्रेता एकच, बेळगावचा. माझी शिफारस त्याची."

बाबुराव खुर्चीत सावरून बसले. "पैल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, मानलं. पुस्तकं येतात. पण दुसऱ्याचं? वाचणार कोण? रामनगरची एक बाई वाचतेय म्हणून नंदिगड्ड्यानं खोली द्यायची व्हय?"

हाच तो प्रश्न होता, ज्याच्यासाठी महाबळेश्वरांपाशी कुठलीही चाचणी नव्हती. स्पीकरवाल्या गटात कुजबुज सुरू झाली. महाबळेश्वरांनी उपरणे खांद्यावरून काढून घडी घातली, आणि ती घडी पुन्हा मोडली.

तेवढ्यात मागून बाळीचा आवाज आला. "खोलीचं मागनं बघू. आधी सांगा, तिनं पेटी उघडली का न्हाई?"

"व्हय, तेवढं सांगा," दुसरी म्हणाली.

"मला तर वाटतंय आत तिच्या नवऱ्याचे कपडे असणार," तिसरी.

"छ्या! नवरा तर जिवंत हाय. तो दुसऱ्या काठाला..."

"तू ऐकलंस कवा? तुझी बस तर आधीची."

बघता बघता बायकांची अर्धी रांग उभी राहिली. धाकलू, ज्याने आयुष्यात दुकानाच्या पाटीपलीकडे काही वाचले नव्हते, तोही हात वर करून म्हणाला की पेटीत सोने असेल तर गोष्ट फुकट गेली. कुणी त्याच्या बाजूने, कुणी विरुद्ध. आवाज चढले. लाऊडस्पीकर नसतानाही न ऐकणाऱ्याला ऐकू जाईल इतके चढले.

"गप्प बसा!" बाबुराव टेबलावर हात आपटून गरजले. "काय पेटी पेटी लावलंय? तिनं पेटी उघडूच नये. बंद हाय तवर त्या बाईची शान हाय. उघडली की संपली!"

उभ्या राहिलेल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग नेत्राने, अगदी नम्र आवाजात, पुढच्या रांगेतून विचारले, "अध्यक्ष, तुम्हाला पेटीचं कसं ठाऊक?"

बाबुरावांनी मिशीला हात लावला, टोपी काढली, पुन्हा घातली. "मागं एकदा रामनगरला बस चुकली माझी," ते पुटपुटले.

"चुकली का चुकवली?" बाळीने मागून टाकलेला हा शेवटचा घाव होता. त्यानंतर जे हसणे उसळले ते बाबुरावांनाही आवरता आले नाही. त्यांचे पोट हलू लागले आणि डोळ्यांत पाणी आले. ते ओसरल्यावर त्यांनी कमरेची किल्ली सोडली, गिरणीच्या खोलीची, आणि टेबलावरून महाबळेश्वरांकडे सरकवली.

"घ्या फोरमनअण्णा. पण ते पुस्तक पैलं माझ्याकडं. अध्यक्ष म्हणून."

"क्रमाने मिळेल," महाबळेश्वर म्हणाले. "आधी बाळी. तिने आधी विचारलंय."

खोली झाडून, चुना लावून तयार झाली. नेत्राने दारावर पाटी रंगवली. धाकलूने जांभ्या दगडाची पायरी बसवली. फळीवर पुस्तके उभी राहिली; नाववालीची जागा मात्र पहिल्या दिवसापासून रिकामीच, कारण ते पुस्तक एका घरातून निघे ते थेट दुसऱ्या घरात शिरे. महाबळेश्वरांनी ते अजूनही वाचलेले नव्हते. त्यांचा क्रम बाबुरावांच्या मागे लागला होता, आणि बाबुराव मुद्दाम सावकाश वाचत होते.

शब्दकोशासाठी मधल्या फळीवर ऐसपैस जागा मोकळी ठेवली होती. उन्हे चांगलीच तापू लागल्यावर, बऱ्याच दिवसांनी, दुपारची बस फाट्यावर थांबली आणि प्रज्योत स्वतः खाली उतरून सुतळीने बांधलेले जड तपकिरी खोके छातीशी धरून चालत आला. महाबळेश्वर दारातच उभे होते.

"शांतक्काचा निरोप हाय," प्रज्योत धाप टाकीत म्हणाला. "शेवटच्या पानापातूर बघितलं म्हणे. गोष्ट न्हाई. पण माल बरोबर हाय."